कड्यावरची तिसरी जागा

माझ्या नवऱ्यानं माझी जागा दुसऱ्याला देऊन टाकली तेव्हा मी पुऱ्या तळत होते. पाठीमागे टेबलाशी गप्पा चालल्या होत्या, कढईतलं तेल चांगलं तापलं होतं, आणि माझ्याच घरात, माझ्यादेखत, माझी वस्तू वाटून हा माणूस मोकळा झाला. वर मला म्हणतो, "अगं, पुऱ्या मस्त फुगल्यात आज." ते वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

कसली जागा, ते आधी सांगते. हिंदी महासागरात मॉरिशसच्या शेजारी रियुनियन नावाचं एक फ्रेंच बेट आहे. नाव सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे मॉरिशसच ना. नाही हो, मॉरिशस वेगळं. हे बेट अख्खं ज्वालामुखीनं समुद्रातून वर काढलेलं. एका बाजूचा ज्वालामुखी अजून धगधगतो. दुसऱ्या बाजूचा कधीच विझलाय, त्याचा उंच कडा तेवढा उरलाय, आणि त्या कड्यावरून माउंटन बाईकनं, म्हणजे डोंगरी सायकलनं, थेट समुद्रापर्यंत उतरता येतं. वर सकाळी थंडीनं बोटं आखडतात, खाली पोचेस्तोवर घामाच्या धारा. मध्ये ढग, जंगल आणि उसाचे मळे. हा ट्रेल दाखवणारा गाईड एका वेळी तिघांनाच नेतो, कारण वरचा भाग अरुंद आहे आणि त्याला सगळ्यांवर नजर ठेवायची असते. आमच्या सुट्टीच्या आठवड्यात त्याची एकच सकाळ मोकळी होती. त्या सकाळच्या तीन जागा मी धरल्या होत्या. मी, नवरा आणि आमची मुलगी.

यातली माझी जागा त्यानं दिली. स्वतःची नाही, माझी.

मी इंग्लंडात बेसिंगस्टोकला एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पन्नाशीला टेकले आहे. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली आणि तिची बाईक शेडमध्ये कोळ्यांच्या जाळ्यात पडून राहिली, तेव्हा एका शनिवारी मी ती बाहेर काढली नि पलीकडच्या जंगलात घेऊन गेले. पहिल्याच उतारावर आपटले. ढोपर फुटलं, चिखलात लोळले, आणि उठून पुन्हा वर चढले. का, ते मलाही सांगता येणार नाही. आयुष्यभर मला "जपून" हा एकच शब्द ऐकू आला होता, आणि तिथं तो म्हणायला कुणी नव्हतं. नवरा माझ्यानंतर दोन वर्षांनी सायकलवर बसला. चढाला तो माझ्या पुढे असतो, हे मी मोकळ्या मनानं मान्य करते. उताराला मी.

हे ट्रेल निवडायचं काम मी सबंध हिवाळाभर केलं. लोकांना वाटतं त्यात काय, हॉटेलात मेनू कार्डावर बोट ठेवतात तसं ठेवायचं. माझा नवरा तर म्हणायचा, "चला, हिचा यूट्यूबवर अभ्यास सुरू झाला." अरे, व्हिडिओ तर धादांत खोटे बोलतात. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात भिंतीसारखा उतारसुद्धा कॉलनीतल्या रस्त्यासारखा सपाट दिसतो. मी व्हिडिओत उतार बघतच नव्हते. चालवणाऱ्याचं बूड सीटच्या किती मागे जातंय ते बघत होते, उतार जितका खडा तितकं ते मागे. त्याचा श्वास ऐकत होते. आपल्याकडे ब्रिटनमध्ये सोप्यापासून अवघडापर्यंत निळा, लाल, काळा असे ट्रेलचे रंग ठरलेले असतात, पण इथला लाल म्हणजे तिथला लाल नव्हे, हे मला गाईडला फोन करून करून कळलं. तो फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलायचा, मी मराठी वळणाचं, आणि आमचं उत्तम जमायचं.

धगधगत्या ज्वालामुखीच्या बाजूचा एक ट्रेल मला फार मोहात पाडत होता, पण तो मी सोडला. तिथला दगड नवा, कच्च्या काचेसारखा, पडलं तर कातडं सोलून निघतं. कड्याकडचा दगड जुना, काळा, झिजलेला. तो माझ्या ओळखीचा. मी कराडची. सह्याद्रीचा काळा दगडही असाच कधीकाळी लाव्हा होऊन वाहिलेला, आणि लहानपणी मी त्याच्यावर अनवाणी हुंदडलेली आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी किनाऱ्याची सपाट वाट, उकाड्याची सवय व्हावी म्हणून. दुसऱ्या दिवशी मधल्या उंचीवरचं जंगल, ओल्या मुळांवर ब्रेक कितपत दाबायचे ते बोटांना कळावं म्हणून. आणि मग कडा. तोही सकाळीच, कारण दहाच्या सुमाराला खालून ढग चढतात नि पुढचं काही दिसत नाही. हे सगळं मी जुळवलं. त्यासाठी वेल्समध्ये पावसात, निसरड्या पाटीच्या दगडांवर जाऊन सराव केला. मनगट मुरगळलं तर ऑफिसात सांगितलं, जिन्यात घसरले.

आता तो रविवार. नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र आणि त्याची बायको लंडनच्या कडेच्या पिनरहून जेवायला आले होते. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी. माणूस सज्जन, मऊ स्वभावाचा. दोघंही आमच्याबरोबर बेटावर येणार हे आधीच ठरलं होतं आणि त्याला माझी काहीच ना नव्हती. आम्ही बाईकवर, ते बीचवर, संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला. भाऊजींनी हौसेनं महागडी बाईक घेतली आहे, पण ती कालव्याकाठच्या सपाट रस्त्यावर जास्त रमते.

भाऊजींनी सहज विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही तिघं वर जाणार, नाही का?"

एवढंच. माणूस बोलायचं म्हणून बोलतो तसं. पण माझ्या नवऱ्याच्या अंगात यजमान संचारला. "अरे, मग तू पण चल की. हिची जागा आहे ना, तू जा तिच्या जागी."

"छे छे, वहिनींनी एवढं ठरवलंय..."

"अरे, ती काय, कधीही जाईल. तू चल."

"नको रे, खरंच नको."

"नको काय? एवढ्या लांब येऊन वाळूत बसणार? ही थांबेल वहिनींबरोबर, दोघींना कंपनी होईल. किनाऱ्यानं ई-बाईक फिरवतील मस्त. ठरलं."

"बरं, तू एवढं म्हणतोयस तर..."

झालं. तीन वेळा आग्रह, दोन वेळा नको, तिसऱ्याला पान वाढलं. जणू श्रीखंडच चाललं होतं. भाऊजींच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी झाऱ्याकडे बघितलं. पाहुणे जेवत असताना घरची बाई "माझी जागा परत द्या" म्हणत नाही. नवऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. बंद दाराआड विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं तेही ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं मला विचारलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती नि हातानं मी पुरी उलटत होते.

ते गेल्यावर मी भांडी डिशवॉशरमध्ये अशी घातली की एका बशीचा टवका उडाला. नवरा म्हणाला, "एवढं काय चिडायचं? पाहुणा आहे तो. आणि तू घरचीच आहेस ना."

घरचीच. हा शब्द मी जन्मभर ऐकत आलेय. आपल्यात रीतच आहे. अवचित कुणी आलं, पोळ्या कमी पडल्या, की घरची बाई म्हणते, मला भूकच नाही मेली. मीही म्हटलंय, कितीदा तरी, आणि मनापासून म्हटलंय. ती रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या ताटातलं उचलून दिलं तर ती माया. पण बायकोच्या ताटातलं उचलून मित्राला वाढायचं आणि ढेकर आपण द्यायची, याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. दानशूर कर्ण झालाय मोठा, दुसऱ्याची कवचकुंडलं वाटून. हे सगळं मी त्याला तिथंच ऐकवलं. तो म्हणाला, "तू ना, कशाचं काय करतेस," आणि क्रिकेट लावून बसला.

मुलगी बर्मिंगहॅमला इंजिनिअर आहे. इथं जन्मली, इथं वाढली. तिला मी फोन केला. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "आई, पण ते जागा तुझा होता ना? तू एवढा महिने बघत होती. सरळ नो म्हण ना."

"पाहुण्यांसमोर असं म्हणत नाहीत गं."

"का?"

मी तिच्यावरच डाफरले. मग ती म्हणाली, "ओके, मग माझा जागा तू घे. मी पिनरच्या मावशीबरोबर बीचवर जाते."

आणि तेव्हा मला जो राग आला तो नवऱ्यावरच्या रागाहून मोठा होता. अगं, तुला कुणी शिकवलं हे? तुला धड मराठी बोलता येत नाही, जागेला तू पुरुष करून ठेवलंस, पण बाईनं उठून आपलं पान सोडायचं एवढं मात्र बरोबर उतरलंय तुझ्यात. मी तिला म्हटलं, "खबरदार पुन्हा असं बोललीस तर. तुझी जागा तुझी. मी माझी बघते." ती हसली. मी नाही हसले.

नवऱ्याशी आठवडाभर मी कामापुरतं बोलले. चहा, कचऱ्याची बिनं, गॅसचं मीटर. त्यानं एकदा दुकानातून फुलं आणली, ती मी पाण्यात ठेवली, पण विषय बदलू दिला नाही. तो म्हणाला, "आता दिलेला शब्द कसा मागे घेऊ? त्याला काय वाटेल?" मला काय वाटेल हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नव्हता. भीड भिकेची बहीण, असं म्हणतात ना. आमच्याकडे भीड त्याची आणि भीक माझ्या वाट्याला.

पुढच्या शनिवारी आम्ही सरे हिल्सच्या जंगलात सायकली घेऊन गेलो. भाऊजीही पिनरहून आले, "जरा प्रॅक्टिस" म्हणून. गुडघ्यांना नवीन पॅड, नवीन हेल्मेट, सगळं चकाचक. आयत्या बिळावर नागोबा, मी मनात म्हटलं. नवरा चढ चढून केव्हाच वर गेला होता, तिथून दुसऱ्या बाजूनं उतरला. मी मागे राहिले, मुद्दाम. पहिल्या जरा खड्या उतारापाशी भाऊजी थांबले. खाली उतरले. बाईक हातानं धरून, एकेक पाऊल टाकत, कडेकडेनं चालायला लागले. उतार लहानसा, आमच्या जिन्याएवढा.

मी बाईक झाडाला टेकवली आणि विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. तुम्हाला त्या कड्यावर जायचंय?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग एकदम म्हणाले, "वहिनी, तुम्ही परवा त्या कड्याचे व्हिडिओ पाठवलेत ना, ते बघितल्यापासून मला झोप नाही. मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. सिंहगडावरसुद्धा मी कड्याच्या बाजूला उभा राहत नाही."

"मग हो कशाला म्हणालात?"

"त्यानं तीन तीन वेळा आग्रह केला. एवढ्या प्रेमानं स्वतःच्या बायकोची जागा देतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणू? त्याला वाईट वाटलं असतं." घाम पुसत ते पुढे म्हणाले, "आणि मला वाटलं तुम्हालाच जायचं नसेल. तुम्ही काही बोलला नाहीत."

मी तिथं चिखलात उभी राहून या माणसाकडे बघत राहिले. म्हणजे जो जाणार त्याला जायचं नाही, जिला जायचंय ती किनाऱ्यावर ई-बाईक फिरवणार, आणि सगळे एकमेकांशी इतके चांगले वागतायत की कुणाला बोलायची सोय नाही. असली शिस्त आमच्याच लोकांना जमते. इथल्या कुणा गोऱ्या मित्राला विचारलं असतं तर त्यानं पहिल्याच पुरीला "नो थँक्स" म्हणून विषय संपवला असता. मला भाऊजींवर रागावायचं होतं, पण सिंहगडालासुद्धा घाबरणाऱ्या माणसावर कसलं रागावणार. मी म्हटलं, "तुम्ही बीचवर जा. तुमच्या मित्राला मी सांगते."

"त्याला सांगू नका मी घाबरलो म्हणून."

"नाही सांगत. गुडघा दुखतोय म्हणते."

"हां, गुडघा चालेल," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका सुटला की मला त्यांची कीव आली.

कार पार्कमध्ये बाईक रॅकवर चढवताना मी नवऱ्याला सांगितलं, की भाऊजींचा गुडघा दुखतोय, ते कड्यावर येणार नाहीत, जागा माझी मला परत आली. मला वाटलं होतं, सुटलो म्हणेल. शब्द मोडावा लागला नाही, मित्र दुखावला नाही, बायकोची कटकट संपली. पण त्याचा चेहरा पडला. रॅकचा पट्टा ओढून बसवायला हवा होता, तो नुसता हातात धरून उभा राहिला.

मोटरवेला लागलो तेव्हा मी विचारलं, "तुला आनंद झाला नाही?"

"गुडघा बिडघा काही नाही," तो म्हणाला. "तो घाबरतो उंचीला. मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे?"

"कॉलेजपासून माहीत आहे."

गाडी चालवत होता तो, आणि समोरच्या लॉरीवरून त्यानं नजर हलवली नाही. माझ्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. जो माणूस कड्यावर दोन पावलं टाकायला घाबरतो, त्याला यानं तीनदा आग्रह करून वर न्यायचं ठरवलं. पाहुणचार नव्हता तो. प्रेमही नव्हतं.

"मग का?" मी विचारलं.

"तू उतारावर दिसेनाशी होतेस," तो म्हणाला. "दरवेळी. मी ब्रेक दाबत, पाय टेकत खाली येतो, तर तू तिथं पाणी पिऊन, हेल्मेट काढून बसलेली असतेस. काही बोलत नाहीस. हसतेस. वेल्समध्ये अनोळखी लोकांसमोर ठीक आहे. पण तिथं आपली पोरगी असणार. तो बरोबर असता तर तो सगळ्यात मागे राहिला असता. मला त्याच्याबरोबर थांबता आलं असतं."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्याची दया यायला हवी होती. चांगल्या बायकांना येते. मला नाही आली. माझा हिवाळा, माझं मुरगळलेलं मनगट, ते फोन, ते ढगांचे हिशेब, हे सगळं या माणसानं आपण मागे पडताना दिसू नये म्हणून दुसऱ्याच्या पानात वाढलं होतं. आणि नाव दिलं पाहुणचाराचं, म्हणजे मला तोंड उघडायची सोय नको. एका भित्र्या मित्राला पुढे करून हा स्वतःची भीती झाकत होता. मित्र पडला असता, हात-पाय मोडले असते, तर? ते मी विचारलं. त्यानं लेन बदलली.

"तू मला सांगितलं असतंस तर," मी म्हटलं.

"तर काय केलं असतंस? हळू आली असतीस?"

यावर मी विचार केला. खरंच केला. दहा वर्षांपूर्वीची मी लगेच हो म्हणाले असते, आणि त्या कड्यावरून ब्रेक दाबत, मागे वळून बघत, "ये रे, सावकाश" करत उतरले असते, नि खाली येऊन मुलीला म्हणाले असते, बाबांनीच सांभाळलं मला.

"नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात गाईडचा फोन आला. निघण्याआधी कार पार्कमधून मी त्याला नावांबद्दल निरोप ठेवला होता, म्हणून त्यानं उलट फोन केला. गाडीच्या स्पीकरवर त्याचा आवाज आला. तिघं कोण ते आता नक्की झालं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, झालं, मी, माझी मुलगी आणि माझा नवरा. छान, म्हणाला. मग त्यानं विचारलं, वरचा भाग अरुंद आहे, तिथं एकापाठोपाठ एक जावं लागतं, ओव्हरटेक करता येत नाही, तर उतारावर सगळ्यात वेगवान कोण? त्याला मी माझ्या मागे घेतो, आणि सगळ्यात सावकाश असेल त्याला शेवटी.

नवऱ्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. तो माझ्या उत्तराची वाट बघत होता हे मला त्याच्याकडे न बघता कळत होतं. अशा वेळी काय म्हणायचं असतं, हा पुढे नि मी मागे, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत मी ते कितीतरी वेळा म्हटलं होतं.

"मी," मी म्हटलं. "माझ्यामागे मुलगी. नवरा शेवटी."

परफेक्ट, गाईड म्हणाला. नवऱ्यानं इंडिकेटर दिला आणि आमच्या एक्झिटला गाडी घेतली.